काठोकाठ भरलेला टब

बेडकाच्या पिल्लाची शेपूट गळून पडते, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. लहानपणी आम्ही दोघी बहिणी ओढ्याच्या काठावर गळलेल्या शेपट्या शोधत बसायचो आणि एकही सापडायची नाही. सापडणार नव्हतीच. शेपूट आतल्या आत विरत जाते आणि ती विरते तेव्हा पिल्लू तिच्यावरच जगतं. त्या दिवसांत त्याला काही खाता येत नाही, कारण त्याचं तोंड आणि आतडं दोन्ही नव्यानं घडत असतात.

हे मला कळलं तेव्हा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं, म्हणून घरी फोन केला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बेडकांची पिल्लं सांभाळते. पदाचं नाव प्रकल्प सहायक. कामाच्या आठवणी लिहाव्यात एवढं माझं वय नाही आणि लिहिण्याची सवयही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात, आई दुसऱ्याच्या शेतात जाते. पण या अंकासाठी लिहाल का असं विचारलं गेलं तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. माझं काम नेमकं काय आहे, हे आजवर मला फारसं कुणी विचारलेलं नाही.

तर काम असं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला इंग्रजीत टॅडपोल म्हणतात, मराठीत कुणी बेडूकमासा म्हणतं. आम्ही नुसतं पिल्लं म्हणतो. ते माशासारखं असतं. कल्ल्यांनी श्वास घेतं, शेवाळ खरवडून खातं. आपल्या गळ्यात असते तशी थायरॉइड ग्रंथी त्याच्याही गळ्याशी असते, डोळ्याला दिसणार नाही एवढीशी. ती बराच काळ गप्प असते. मग एक दिवस कामाला लागते आणि तिचा रस रक्तात मिसळू लागतो. तो रस पायांपाशी पोचला की पाय वाढतात. शेपटीपाशी पोचला की शेपूट मरू लागते. कल्ले जातात, लांबलचक आतडं आखूड होतं. शरीरभर सांगावा एकच जातो, पण शेपूट त्याचा अर्थ एक घेते आणि पाय दुसरा. हे कसं घडतं, हा आमच्या मॅडमचा विषय. त्यांना ते समजावं म्हणून रोज पाणी बदलणं, हे माझं काम.

पाणी शिळं लागतं. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतो, तो उडून जायला पाणी उघडं ठेवावं लागतं. आमच्याकडे गावी नळाला पाणी आलं की आई कालचं शिळं पाणी ओतून भांडी घासायला घ्यायची. इथं मी शिळं पाणी जपून ठेवते. खायला उकडलेला पालक. तोही बिनफवारणीचा, नाहीतर सकाळी टब उलटी पडलेल्या पिल्लांनी पांढरा दिसतो. त्यासाठी मी मंडईतल्या एका मावशींकडे जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, "मावशी, औषध मारलेला नाही ना?"

"घरी कोण आजारी आहे?"

"घरी नाही. बेडकांच्या पिल्लांना घालायचाय."

त्यांनी जुडी बांधता बांधता माझ्याकडे नीट पाहिलं. "माणसांसाठी आजवर कुणी विचारलं नाही हो. बेडकांचं नशीब चांगलं आहे." तेव्हापासून त्या माझी जुडी वेगळी काढून ठेवतात आणि शेजारच्या गाळ्याला सांगतात, "ही बेडकांची."

कोथरूडला मी ज्यांच्याकडे राहते त्या घरमालकीण काकू थायरॉइडची गोळी घेतात, रोज उठल्याबरोबर. मी एकदा धीर करून त्यांना म्हटलं की तुमच्या गोळीत जे असतं तेच बेडकाच्या पिल्लाला बेडूक बनवतं, रेणूही तोच. काकूंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "एवढी वर्षं घेतेय. मग माझं कुठपर्यंत आलंय ते बघून सांग, शेपूट गेली की आहे अजून?" मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. पुण्यात हे असंच असतं, हे कळायला मला वेळ लागला.

वाईट कुणी नव्हतं. पण प्रयोगशाळेतली बाकीची मुलं जेवताना ज्या गोष्टी बोलायची त्या मला माहीत नसायच्या आणि मला माहीत असलेल्या गोष्टी बोलण्यासारख्या वाटायच्या नाहीत. मॅडमसमोर इंग्रजीत निष्कर्ष मांडायचे असले की मी आदल्या दिवशी सगळं पाठ करायचे आणि मधेच कुणी प्रश्न विचारला की पाठांतर तुटायचं. गावी गेलं की उलटं. तिथं माझं मराठीच सगळ्यांना फार साफ वाटायचं. "टीव्हीवानी बोलतीया," म्हणायचे. हळूहळू मी डबा पिल्लांच्या खोलीतच खाऊ लागले. तिथं हवेच्या पंपाचा बारीक बुडबुड आवाज असतो, तेवढी सोबत पुरायची. रविवारी तर सगळ्या इमारतीत मी एकटीच असायचे. पिल्लांना रविवार नसतो. खाली फाटकावर शेलार काका, आमचे सुरक्षारक्षक, आणि वर मी.

काका किल्ली द्यायचे आणि रोज नवं काहीतरी बोलायचे. "आलात? उपाशी बसलीयेत तुमची लेकरं."

आता त्या टबाबद्दल सांगते.

पाण्यात एक औषध घातलं की पिल्लाची थायरॉइड ग्रंथी काम करेनाशी होते. मग त्याची भावंडं पाय फुटून बेडूक होतात आणि ते मात्र पिल्लूच राहतं. मरत नाही. खातं, वाढतं, खूप मोठं होतं, पण पुढं सरकत नाही. आमच्याकडे असा एक गट होता, थांबवलेला गट. त्यांचं मोजमाप पूर्ण झालं तेव्हा मॅडमना मी विचारलं की आता औषध बंद करून यांना साध्या पाण्यात ठेवलं तर? एवढ्या उशिरा हे नीट बेडूक होतील का, की काही अवयवांची वेळ निघून गेलेली असेल?

मी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मॅडम म्हणाल्या, "कर. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीची परवानगी मी घेते. पण दुसरा टब मिळणार नाही. आहेत तेवढीच पिल्लं, आणि ती तुझी."

पुढच्या शिक्षणासाठी मला जो प्रस्ताव द्यायचा होता तो या टबावर उभा राहणार होता. पण खरं सांगायचं तर मला ती पिल्लं बेडूक झालेली बघायची होती. रोज बघून बघून मला त्यांचं वाईट वाटायला लागलं होतं.

औषध बंद केल्यावर बरेच दिवस काही झालं नाही. मग मागच्या पायांत जोर आला, बोटं सुटी झाली. आणि त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं, सुजाताचं, लग्न ठरलं. रविवारी, गावच्या विहारापुढच्या मांडवात.

माझ्याआधी तिचं लग्न होतंय यावर गावात जे बोलणं व्हायचं ते झालं. मला त्याचं काही नव्हतं. मला काळजी वेगळीच होती. शुक्रवारी टब बघितला तर पिल्लांच्या कल्ल्यांशेजारी कातडीखाली दोन्ही बाजूंना उंचवटे आले होते. ती कोपरं असतात. हात आत पूर्ण तयार असतात आणि एका दिवसात कातडी फोडून बाहेर येतात. हात आले की कल्ले संपले. तिथून पुढं पिल्लू फुप्फुसानं श्वास घेतं आणि त्याला टेकायला कोरडी जागा लागते. ती नसेल तर ते बुडतं. ज्या पाण्यात ते जन्मापासून राहिलं त्याच पाण्यात गुदमरून मरतं. म्हणून आम्ही त्या वेळी टबातलं पाणी कमी करतो आणि एका बाजूखाली फरशीचा तुकडा सारून टब तिरका करतो. एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला कोरडं.

मी पाणी उपसलं, फरशी सारली, वरची जाळी लावली. तरी पाय निघेना. शेजारच्या खोलीतला अनुराग म्हणाला, "अगं प्रज्ञा, बहिणीचं लग्न आहे ना? जा की तू. मी आहे. पाणी बदलायचं, एवढंच ना?"

तो माशांवर काम करायचा. मनानं चांगला. इतकी वर्षं मी कुणाला काही मागितलं नव्हतं आणि तो आपणहून देत होता, त्याचंच मला इतकं बरं वाटलं की मी नुसतं "हो, एवढंच" म्हणाले.

शनिवारी हळद झाली. सुजातानं मला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुझी ती थांबलेली पोरं, झाली का गं बेडूक?" तिला मी फोनवर सांगायचे ते लक्षात राहायचं. दहावीनंतर तिचं शिक्षण सुटलं होतं. मी म्हटलं, आज-उद्या होतील. "मग माझ्यासंगंच की," ती म्हणाली.

रविवारी मंगलपरिणय पार पडला. त्रिसरण, पंचशील झालं, फुलं उधळली गेली, जेवणं उठली. लोक मला विचारत होते, "पुण्यात कुठं असती? खराडीला, त्या कंपनीत का?" मी सांगायचे की नाही, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. "म्हंजे मास्तरीण?" आत्या मधेच म्हणाली, "न्हाई गं, बेडकं पाळती ती." सगळे हसले. मीही हसले.

तेवढ्यात फोन वाजला. मांडवात रेंज नीट नसायची, त्यामुळे सकाळचे निरोप एकदम आले. अनुरागनं फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं: 'मी आज मित्रांबरोबर गडावर चाललोय, म्हणून काल संध्याकाळीच भरपूर पाणी घालून ठेवलं. आता दोन दिवस काळजी नको. मजा कर.'

फोटोत टब सरळ होता. तिरका टब काठोकाठ भरता येत नाही म्हणून त्यानं फरशी काढून ठेवली होती. पाणी जाळीला टेकलेलं. माशांच्या माणसाला पाणी जास्त म्हणजे सुरक्षित. त्यात त्याचं काही चुकलं असं त्याला वाटणारच नव्हतं. मी फोटो मोठा करून पाहिला. एका पिल्लाचा डावा हात बाहेर आला होता आणि ते जाळीला नाक लावून होतं.

शाळेमागं पाण्याची टाकी आहे, तिथं रेंज येते. मी नव्या साडीत तिथवर पळत गेले. अनुरागचा फोन लागेना. मॅडम परदेशात परिषदेला होत्या. मग शेलार काकांना लावला.

"काका, प्रज्ञा बोलतेय. वर जाल का जरा? पिल्लांच्या खोलीत?"

"तुम्ही लग्नाला गेलाय ना?"

"हो. काका, माझ्या टबातलं पाणी काढायचंय. लगेच. ती बुडतील."

"कोण बुडतील?"

"पिल्लं. बेडूक."

"बेडूक पाण्यात बुडतील." काकांनी वाक्य सावकाश म्हणून पाहिलं. "ताई, जेवणात काय होतं?"

"काका, हात जोडते. खरंच बुडतात."

"फाटक सोडून जाऊ? कुणी आलं म्हणजे?"

मग किल्ल्यांचा आवाज आला. "थांबा. जिना आहे, दम लागतो मला. फोन ठेवू नका, आत काय काय आहे मला माहीत नाही."

मी फोन ठेवला नाही. तेवढ्यात खाली मांडवाच्या बाजूनं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"आलो. इथं तर दहा टब आहेत."

"खिडकीखालचा. निळ्या चिठ्ठीचा."

"हा. अगदी तुडुंब आहे की." मग जरा वेळानं, "ताई, यातली काही हलत नाहीत."

"जाळी काढा काका. मगानं पाणी उपसा. मगात पिल्लू आलं तर परत सोडा."

"हाताला लागलं तर?"

"काही करत नाहीत."

"तुम्हाला करत नसतील." पाण्याचा आवाज येत राहिला. मधेच काका ओरडले, "एक चढलं, मनगटावर चढलं."

"असू दे काका."

"असू दे काय? तुमचं आहे म्हणून असू दे."

खाली आता रडण्याचा आवाज ऐकू येत होता. आमच्याकडे पाठवणीला बायका मोठ्यानं रडतात. त्यात आईचा आवाज मला वेगळा कळला. कुणीतरी माझं नावही घेतलं, दोनदा. टाकीपासून मांडव दिसत नाही, मधे शाळेची भिंत आहे. चार पावलं खाली उतरलं की दिसतो, पण तिथं रेंज जाते.

"आता पुढं काय?" काका म्हणाले.

मी म्हणाले, "शेजारी फरशीचा तुकडा असेल बघा."

"दिसत नाही."

"टेबलाखाली?"

"नाही." मग सरकवासरकव. "हां, आहे. मोरीपाशी ठेवलाय."

"तो टबाच्या एका बाजूखाली सारा. हळू. पाणी एकीकडे जाऊ दे."

गाडीचा हॉर्न वाजला. नवऱ्यामुलाच्या मित्रांनी लांबवर वाजवत नेला तो. मी टाकीच्या जिन्यावर उभी होते आणि काका टब तिरका करत होते.

"झालं. दोन-तीन आलीत वर, कोरड्यावर. बसलीत. पोटं धपधप करतायत." आणि मग काका म्हणाले, "खरंच बुडत होती की हो."

मी खाली आले तेव्हा धूळ खाली बसत होती. आत्या म्हणाली, "झाला का फोन? साहेबीण बाई." आई खांबाला टेकून बसली होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "सुजी तुला लई बघत हुती. हितं तितं इचारत हुती." मी काय सांगणार होते? बेडूक बुडत होते, हे मला माझ्या आईला सांगता आलं नाही. मी मांडवातल्या सतरंज्या गुंडाळायला लागले.

सोमवारी पहिल्या एसटीनं आले. फाटकावर काका म्हणाले, "घ्या ताब्यात तुमची. रात्रभर मला स्वप्नात पाण्यात बसवलं त्यांनी." वर गेले. काही मेली होती, पोटं वर करून. बाकीची फरशीच्या बाजूला एकमेकांना चिकटून बसली होती. हात आलेले, शेपट्या अजून पूर्ण होत्या. पुढच्या आठवडाभरात शेपट्या विरत गेल्या. नीट बेडूक झाले. भावंडांपेक्षा आकारानं मोठे, पण पायांत, जबड्यात, कशात खोट नव्हती. मॅडमनी परदेशातून लिहिलं, छान, मेलेली वेगळी मोज.

अनुराग आला तेव्हा दारातच उभा राहिला. "मला वाटलं, पाणी जास्त म्हणजे बरंच." मी म्हटलं, "माशांना बरंच असतं." त्याला वाईट वाटलं होतं. नंतर तो माझ्याशी जास्तच जपून बोलायला लागला, आणि जपून बोलणाऱ्या माणसाशी फार बोलता येत नाही. मी डबा पुन्हा आत खायला लागले.

तो प्रस्ताव मंजूर झाला. आता माझ्याकडे बरेच टब आहेत, पाणी बदलायला एक मदतनीस आहे. नवीन कुणी आलं की त्याला मी आधी तिरका टब दाखवते.

सुजाताचा फोन त्या सोमवारीच आला होता. सासरी पहिलाच दिवस, हळू आवाजात, बहुतेक न्हाणीघरातून. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तर तीच म्हणाली, "ताई, वाचले का गं?"

म्हणजे कुणीतरी तिला सांगितलं होतं. टाकीपाशी कुणाच्या तरी कानावर माझं फोनवरचं बोलणं पडलं असेल आणि आत्यानं ते हसत सांगितलं असेल.

मी म्हटलं, "बरेचसे वाचले."

मागं कुणीतरी तिला नव्या नावानं हाक मारत होतं. "मग असू दे," ती म्हणाली. "मी गाडीची काच खाली करून बसले होते, शाळा मागं पडेपर्यंत."